बहाराचा ताण मोजून द्या

डिसेंबर लागला की जालना-अंबड-पैठण पट्ट्यातल्या मोसंबीचे आणि वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याचे पाणी तुटते. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा म्हणून बाग पाणी तोडून ताणावर सोडायची, जानेवारीत ताण तोडायचा आणि मग कळी निघते की नुसती नवती, म्हणजे नवी पालवी, फुटते, याकडे डोळे लावून बसायचे. डाळिंबातही तेच, फक्त बहाराप्रमाणे महिने बदलतात. हा ताण किती द्यायचा असे विचारले, तर हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत त्याच्या दीडपट-दुप्पट, पाने मलूल होऊन पाव हिस्सा गळेपर्यंत, अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे पिढ्यांच्या अनुभवातून आली आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या एका निर्णयावर बागेचे वर्षभराचे उत्पन्न उभे असते, तो आजही दिवस मोजून आणि पाने पाहून घेतला जातो. झाडाच्या आत प्रत्यक्ष किती ताण आहे, हे मोजले जात नाही. मोजण्याची साधने जगात साठ वर्षांपासून आहेत.

माझे म्हणणे असे आहे की फळबागेत झाडाचा ताण मोजण्यावर सरकारी पैसा खर्च झाला पाहिजे. मात्र तो घरोघर यंत्रांचे डबे वाटण्यात जाऊ नये. गावोगाव भरवशाची मोजणी उभी राहावी यासाठी तो जावा, आणि सुरुवात बहाराच्या ताणापासून व्हावी.

ताण हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी चालतो. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही तोही ताण, आणि बहारासाठी मुद्दाम देतो तोही ताण. झाडाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीत एकच घडते. पानांतून बाष्प बाहेर पडते, त्याची ओढ खोडातल्या पाण्याच्या सलग धाग्याला बसते आणि माती जितकी हात आखडते तितका हा धागा जास्त ताणला जातो. डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये ही मांडणी केली. म्हणजे आपल्या बागायतदाराने वापरलेला ‘ताण’ हा शब्द भौतिकशास्त्राच्या कसोटीवरही तंतोतंत बरोबर आहे. हा ताण बारमध्ये मोजतात. एक बार म्हणजे जवळजवळ एक किलो, ठिबकच्या फिल्टरवरच्या गेजवर रोज पाहतो तोच किलो. शास्त्रात त्याला उणे चिन्ह लावतात. इथे सोयीसाठी नुसता आकडा लिहितो. आकडा मोठा, तेवढा ताण जास्त.

बाजारात आज ‘सेन्सर’ म्हणून बहुतेक करून मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर मिळतात. नियमित पाणी चालू असताना ते कामाचे आहेत, पण बहाराच्या ताणात ते लवकर हात टेकतात. टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती ओढते ते दाखवणारी पाण्याने भरलेली नळी, साधारण ०.८ बारपर्यंतच मोजतो; त्यापुढे त्याच्या भाजक्या मातीच्या टोकातून हवा आत शिरते आणि काटा शून्याकडे येऊन बाग ओली असल्याचा भास होतो. सर्रास मिळणारे जिप्सम जातीचे ठोकळे दोन-सव्वादोन बारपर्यंत जातात. ताणावर सोडलेले झाड याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. शिवाय आपली काळी जमीन वाळली की भेगाळते. सेन्सरच्या अंगालगत भेग पडली की तो हवेत लोंबकळतो आणि आकडा एकदम कोसळतो. पुढे पावसाचे पाणी त्याच भेगेतून थेट सेन्सरपाशी उतरते आणि आकडा एकदम चढतो. मुळांना यातले काहीच कळलेले नसते. बोअरचे पाणी खारट असेल तर विद्युत पद्धतीचे सेन्सर क्षारांमुळे जास्त ओल दाखवतात. आणि सगळे नीट चालले तरी सेन्सर मूठभर मातीचे सांगतो. मोसंबीचे मोठे झाड काही घनमीटर मातीतून पाणी पिते. त्या सगळ्या मातीची सरासरी काढणारी एकच गोष्ट बागेत असते, ती म्हणजे झाड.

झाडाला विचारण्याची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे प्रेशर चेंबर. शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ती जगापुढे ठेवली. उंच झाडांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने पाडून मोजल्या होत्या. तत्त्व सोपे आहे. पान तोडले की देठातला ताणलेला धागा झटकन आत ओढला जातो. पान जाड धातूच्या भांड्यात ठेवायचे, देठाचे कापलेले टोक झाकणाच्या भोकातून बाहेर काढायचे आणि आत नायट्रोजनचा दाब वाढवत न्यायचा. ज्या दाबाला रस परत देठाच्या तोंडाशी येतो, तोच झाडातला ताण.

कृती मात्र काटेकोर हवी, कारण चुका इथेच होतात. खोडाजवळचे, सावलीतले, पूर्ण वाढलेले निरोगी पान निवडायचे. ते झाडावर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची आणि पाऊण-एक तास तसेच ठेवायचे. पानाचे बाष्प बंद झाले की पान आणि खोड यांचा ताण समान होतो. ही पायरी गाळली तर आपण त्या एका पानाची उन्हातली अवस्था मोजतो, झाडाची मोजत नाही. वेळ भर दुपारची. नाशिकला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, नागपूरला सव्वाबाराच्या आसपास. तेव्हा साडेबारा ते तीन ही वेळ धरावी. पान पिशवीसकट तोडायचे, देठ नव्या पात्याने एकदाच कापायचा आणि अर्ध्या मिनिटात चेंबरमध्ये बसवायचा. दुसऱ्यांदा देठ छाटला की आकडा बिघडतो. दाब सावकाश वाढवायचा, सेकंदाला पाव-अर्धा बार, आणि भिंगातून तिरके पाहत राहायचे. कधीही देठाच्या बरोबर वर डोळा नेऊ नये. रबरी गोळी सैल असेल तर देठ गोळीसारखा सुटतो. चष्मा घातल्याशिवाय हे काम करू देऊ नये. आधी फेस येतो, तो टिपून घ्यायचा. मग कापलेल्या भागातली लाकडाची कडी एकाएकी ओली, काळपट दिसते. त्या क्षणी काटा वाचायचा.

प्रत्येक पिकाची वेगळी अडचण असते. द्राक्षाचा देठ लांब आणि मऊ, त्यामुळे शिकायला द्राक्षबागच बरी. संत्रा-मोसंबीचा देठ आखूड आणि ताठ. रबर जास्त आवळले की देठ चेंगरतो आणि आकडा खोटा जास्त येतो. डाळिंबाचे पान एवढे लहान आणि देठ इतका नाजूक की एकटे पान बसतच नाही. तिथे चार-सहा पानांची कोवळी नसलेली छोटी डहाळी घ्यावी लागते. या बारकाव्यांसाठी हात बसावा लागतो. चार-पाच दिवसांच्या सरावात कामाचा हात तयार होतो, पण त्या सरावाला समोर जाणता माणूस हवा. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतून ते येत नाही.

आकडा आला, पुढे काय? फ्रान्समधल्या वाइन-द्राक्षांच्या अनुभवावरून दुपारचा खोडाचा ताण ६ बारच्या आत असेल तर वेल आरामात, ६ ते ९ हलका ताण, ९ ते १४ मध्यम ते कडक आणि १४ च्या पुढे तीव्र असे धरतात. कॅलिफोर्नियात बदामाचा टरफल-फुटीचा काळ आला की पाणी मुद्दाम कमी करून ताण १४ ते १८ बारमध्ये ठेवतात, त्याने टरफलाची कूज कमी होते. म्हणजे मोजून ताण देणे ही तिकडची रोजची शेती आहे. आपल्याकडे ताण देण्याची कला त्याहून जुनी आहे. फक्त मोजमाप तिकडे गेले.

हे आकडे जसेच्या तसे नाशिकच्या, डॉगरिज खुंटावर कलम केलेल्या थॉमसन द्राक्षाला लावू नयेत. दुसरी काळजी हवेची. ३५ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हवेची बाष्पाची भूक साधारण ४.५ किलोपास्कल असते. २८ अंश आणि ६० टक्क्यांना ती १.५ वर येते. त्यामुळे पोटभर पाणी प्यालेले झाडही एप्रिलच्या दुपारी पावसाळी दुपारपेक्षा तीन-चार बार जास्त ताण दाखवते, आणि ते नैसर्गिक आहे. म्हणून नुसत्या आकड्याला अर्थ नाही. त्याच दिवशी, तशाच हवेत, भरपूर पाणी दिलेल्या झाडापेक्षा आपली झाडे किती पुढे आहेत, हा फरक पाहायचा.

प्रेशर चेंबरला माणूस लागतो आणि तो दिवसातून एकदाच सांगतो. सतत नोंद हवी तर खोडावरचा डेंड्रोमीटर. झाड दिवसा मुळांकडून येते त्याहून जास्त पाणी उडवते, तेव्हा खोड आकसते. रात्री पुन्हा फुगते. हा बदल काही दशांश ते काही शतांश मिलिमीटरचा असतो आणि खोडाला टेकवलेली बारीक दांडी तो टिपते. स्पेनमधल्या मुर्सिया भागात लिंबू, पीच, बदाम यांवर, तसेच इस्राएलमध्ये याचा भरपूर अभ्यास झाला आहे. दिवसाचे आकसणे वाढले की ताण वाढला, एवढेच विक्रेता सांगतो. ते अर्धेच खरे आहे. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की खोडात आकसण्यासारखे पाणीच उरत नाही आणि रोजचे आकसणे उलट कमी होते. बहाराच्या ताणात नेमके हेच होणार. पडद्यावर आलेख शांत दिसेल आणि झाड मात्र संकटात असेल. तिथे पाहायचे ते सकाळच्या सर्वाधिक जाडीकडे. ती रोज किती खाली येते, हा ताणाचा खरा चढ. द्राक्षात मण्यांत पाणी उतरल्यानंतर खोडाचे आकसणे फारसे बोलत नाही, हेही लक्षात ठेवावे.

डेंड्रोमीटर बसवताना सुटी, मेलेली साल खरवडून दांडी जिवंत सालीवर टेकवावी लागते. द्राक्ष आणि डाळिंबात हे केले नाही तर सेन्सर सालीचे फुगणे मोजतो, पावसाच्या प्रत्येक सरीला खोड ‘वाढलेले’ दिसते. तो खोडाच्या उत्तरेकडे, सावलीत असावा. ऊन थेट पडले की धातूची चौकटच तापून लांबते. डाळिंबाला तीन-चार खोडे ठेवतात, त्यातले सर्वांत जाड न घेता मधले घ्यावे. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे बोर्डो पेस्ट, मोरचूद आणि चुन्याचा लेप. पावसाळ्याच्या तोंडाला मजूर खोडांना पेस्ट लावत येतात आणि सेन्सरच्या दांडीवरही ब्रश फिरवतात. पेस्ट वाळली की दांडी जाम आणि त्या दिवसापासून आलेख सपाट. ब्लोअरच्या झोताने तारा तुटतात, उंदीर केबल कुरतडतात, झाडाच्या सावलीत ठेवलेले सोलर पॅनेल चार्ज होत नाही. यातले एकही कारण तंत्राच्या तत्त्वाशी संबंधित नाही. तरी बागेतली यंत्रे बंद पडतात ती बहुतेक अशाच कारणांनी.

बाकीच्या साधनांवर थोडक्यात. खोडात सुया घालून उष्णतेच्या झोताने रसाचा वेग मोजतात. संशोधनाला उत्तम, पण वीज जास्त खातात आणि प्रत्येक पिकासाठी आकडे आधी जुळवून घ्यावे (अंशांकन) लागतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेला चिपएवढा सूक्ष्म टेन्शिओमीटर थेट खोडात बसतो आणि ताण बारमध्येच सांगतो. दिशा आश्वासक आहे, पण खोडाला भोक पाडावे लागते, आणि डिंक्याच्या, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाच्या, पट्ट्यात ते जपून करावे. पानांचे तापमान हवेपेक्षा किती चढले यावरून ताण काढण्याची रीत १९८१ पासून आहे; तळहाताएवढ्या इन्फ्रारेड तापमापकाने ती जमते, मात्र वारा आणि ढग तिला फसवतात. उपग्रहाच्या उष्णताचित्राचा एक ठिपका कित्येक गुंठ्यांचा असतो, आणि हिरवेपणाच्या नकाशात फरक दिसेपर्यंत झाडाचे नुकसान होऊन गेलेले असते. तालुक्याचे चित्र पाहायला ते ठीक, दोन एकरांच्या बागेत पाणी ठरवायला नाही.

आता मूळ मुद्दा, बहार. ताण कमी पडला तर झाड नवती काढते, कळी निघत नाही आणि एक हंगाम हातचा जातो. ताण जास्त झाला तर शेंडे वाळतात, कळी निघाली तरी गळते आणि पुढच्या वर्षांचे झाड खिळखिळे होते. दोन्ही टोकांच्या मधली जागा आकड्यात सांगता येते. फ्लोरिडात कुंड्यांतल्या ताहिती लिंबावर १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दुपारचा ताण २२-२३ बारपर्यंत, तसेच ३५ बारपर्यंत नेऊन पाहिला. दोन आठवड्यांचा ताण फुले आणायला पुरला आणि तीव्र ताणाला फुलोरा जास्त आला. कुंडीतले लिंबू म्हणजे अंबडच्या काळ्या जमिनीतली पंधरा वर्षांची मोसंबी नव्हे. पण फुलोरा ताणाच्या आकड्याशी आणि त्याच्या मुदतीशी बांधलेला आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते. दिवसांचा हिशेब हा त्या आकड्याचा अंदाज आहे, आणि जमीन बदलली, हिवाळा कमी-जास्त झाला की तो अंदाज हुकतो.

हे काम बागेत असे चालेल. पाणी तोडण्यापूर्वी एका सारख्या जमिनीच्या तुकड्यात पंचवीस झाडांचे घेर मोजायचे आणि सरासरीच्या जवळची सहा झाडे निवडायची. बांधावरची, डिंक्या असलेली नकोत. पाणी चालू असतानाच दोन दिवस दुपारचा ताण मोजून आधाररेषा घ्यायची. पाणी तोडल्यावर आठवड्यातून दोनदा, चढ वेगाने सुरू झाला की दिवसाआड. प्रत्येक झाडाच्या चार दिशांना एकेक फांदी रंगीत दोरीने बांधून ठेवायची, आणि ताण तोडल्यानंतर तिच्यावरची कळी, नवती आणि पुढे टिकलेली फळे मोजायची. कुठल्या आकड्यापर्यंत ताण गेला, किती दिवस टिकला आणि किती कळी निघाली, या तीन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या, वेगवेगळ्या जमिनींत तीन हंगाम लिहिल्या, तर आपल्या जातींचा आपला तक्ता तयार होईल.

डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस पडला की मोजणीची किंमत आणखी कळते. दहा मिलिमीटर पाऊस झाला. ताण तुटला का? आज याचे उत्तर आठ-दहा दिवसांनी नवती पाहून मिळते, तोवर उशीर झालेला असतो. वरची चार बोटे माती भिजली म्हणून मातीचा सेन्सर ‘ओले’ म्हणेल. मुळांनी खरोखर पाणी घेतले असेल तर एक-दोन दिवसांत खोडाची सकाळची जाडी वर येईल आणि चेंबरचा आकडा उतरेल. नसेल घेतले, तर ताण चालू आहे, बिनधास्त पुढे जावे. भारी जमिनीत सायकोसेलची (वाढ रोखणाऱ्या संजीवकाची) फवारणी घ्यायची की नाही, याचाही निर्णय याच आकड्यावर घेता येईल. ताण तोडताना आंबवणीचे, म्हणजे पहिले, पाणी हलके, मग चिंबवणीचे, म्हणजे दुसरे, ही जुनी रीत योग्यच आहे. त्यानंतर झाड आधाररेषेजवळ परतायला हवे. चिंबवणी होऊनही आकडा उतरत नसेल तर मुळे दुखावली आहेत, आणि खताचा भरगच्च डोस टाकण्याची ती वेळ नव्हे.

यातूनच एक इशारा, जो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. झाडाचा सेन्सर थेट ठिबकच्या व्हॉल्व्हला जोडू नये. झाड ताण दाखवते याचा अर्थ माती कोरडी आहे असा होत नाही. संत्र्यात फायटोप्थोरा बुरशीने बारीक मुळे सडली, डाळिंबात मर रोग लागला किंवा सूत्रकृमींच्या गाठी झाल्या, काळ्या जमिनीत पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला, बोअरचे पाणी खारट झाले, तरीही झाड तहानलेलेच दिसते. अशा झाडाला यंत्र आपोआप आणखी पाणी देत राहिले तर ते त्याला मारेल. माती ओली आणि झाड ताणात, ही विसंगती दिसली की फावडे घेऊन मुळे उकरून पाहायची. म्हणून मातीचा एक स्वस्त सेन्सर आणि झाडाची मोजणी जोडीने हवी. ही विसंगती पाने पिवळी पडण्याच्या बरेच आधी दिसते. शिवाय झाड ‘केव्हा’ आणि ‘बरोबर चालले का’ एवढेच सांगते. ‘किती’ हे बाष्पीभवनावरूनच काढावे लागते: दिवसाचे बाष्पीभवन ८ मिलिमीटर, पीक गुणांक (त्यातला पिकाला लागणारा वाटा) ०.७, झाडाची सावली २० चौरस मीटर, म्हणजे ११२ लिटर. तासाला आठ लिटरचे चार ड्रिपर असतील तर साडेतीन तास.

आणि ठिबक सारखे चालत नसेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही. तासाला चार लिटरच्या ड्रिपरखाली मिनिटभर भांडे धरले तर ६७ मिलिलिटर पाणी यायला हवे. बागेतल्या वीस ड्रिपरखाली असे मोजायचे. सर्वांत कमी पाच ड्रिपरची सरासरी एकूण सरासरीच्या ८५ टक्क्यांखाली असेल तर आधी आम्ल किंवा क्लोरीन प्रक्रिया, लॅटरल धुणे, फिल्टर साफ करणे. या तपासणीला अनुदान लागत नाही, तरी ती होत नाही.

आता सरकारी पैशाकडे. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून ठिबकसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मदत मिळते; महाराष्ट्राने आपली भर घालून ती ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेली. ठिबक पसरण्यात या पैशाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण या अनुदानाची रचना संच बसवण्यापाशी थांबते. २०२५ मध्ये राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी महाॲग्री-एआय धोरणही स्वीकारले. आता सेन्सरलाही तीच रीत लावली, बिल दाखवा आणि अनुदान घ्या, तर काय होईल हे वर सांगितलेल्या बोर्डो पेस्टने जाम झालेल्या दांडीवरून समजून घ्यावे.

त्याऐवजी मोजणीची सेवा उभी करावी. एक प्रेशर चेंबर काही लाखांचा आहे. एका शेतकऱ्याला तो परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. दोन प्रशिक्षित तरुण दुपारच्या अडीच तासांत सहा झाडांची दोन-दोन पाने याप्रमाणे जवळपासच्या तीन बागा मोजू शकतात, पिशव्या बांधण्याचे काम अकरापासून सुरू केले तर. आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठवड्यातून एकदा पंधरा बागा; मधल्या दिवसांची नोंद डेंड्रोमीटर देईल. जमीन, वय आणि जात पाहून नीट निवडल्या तर या पंधरा संदर्भ-बागा एका महसूल मंडळातल्या बहुतेक बागायतदारांना आपली तुलना करायला पुरतील. शेतकरी उत्पादक कंपनीकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे हे काम द्यावे, पगार तीन वर्षांचा द्यावा, आणि डेंड्रोमीटर फक्त या संदर्भ-बागांत बसवावेत, म्हणजे त्यांची निगा राखणारा माणूस आठवड्याला तिथे जाणारच आहे.

हवेची भूक काढायला तापमान आणि आर्द्रता लागते. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यभर महसूल मंडळांत उभी आहेत आणि या नोंदी घेतच आहेत. फळपीक विम्यासाठी हवामानाच्या नोंदी वापरता येतात, तर दुपारच्या ताणाची त्या दिवसाची अपेक्षित आधाररेषाही शेतकऱ्याच्या फोनवर रोज यायला हवी. गणित एका ओळीचे आहे.

तक्ते बनवण्याचे काम मात्र सार्वजनिक संस्थांचेच. डाळिंबासाठी सोलापूरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र, द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरीचे, संत्रा-मोसंबीसाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संस्था, सोबत राहुरी, परभणी, अकोल्याची कृषी विद्यापीठे. कुठल्या जमिनीत किती बारला ताण तोडावा, हा आकडा एकदा सार्वजनिक झाला की तो कोणत्याही यंत्राने वापरता येईल. म्हणूनच कोणती कंपनी तो स्वखर्चाने शोधून खुला करेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खासगी सेन्सरला अनुदान द्यायचेच असेल तर तीन वार्षिक हप्त्यांत द्यावे, आणि हप्ता मागच्या हंगामात किती दिवस विश्वासार्ह नोंद आली यावर ठरावा. मूळ नोंद शेतकऱ्याच्या मालकीची, त्याला केव्हाही उतरवून घेता येईल अशी असावी. ही अट किरकोळ नाही. ताणाची नोंद म्हणजे कुठल्या भागात बहार केव्हा फुटणार, किती फळ टिकणार याची आगाऊ खबर आहे. ती व्यापाऱ्याच्या हातात आधी आणि शेतकऱ्याच्या हातात नंतर पडली, तर सौदा कोणाच्या बाजूने झुकेल हे सांगायला नको.

एक आक्षेप मला रास्त वाटतो: झाड आज पाणी मागते हे कळून उपयोग काय, जर थ्री-फेज वीज पाळीने या आठवड्यात रात्रीच येणार असेल आणि कालव्याचे आवर्तन पंधरा दिवसांनी असेल? खरे आहे. म्हणून ही सेवा आधी तिथे सुरू व्हावी जिथे शेततळे किंवा विहिरीचे पाणी हाताशी आहे आणि दिवसा सौर विजेचे फीडर चालू झाले आहेत. बहाराच्या ताणाला मात्र ही अडचण येत नाही. तिथे प्रश्न पाणी न देण्याचा असतो.

दुसरी बाजूही उघड बोलायला हवी. बागेत वाचलेले पाणी विहिरीत राहत नाही. ते शेजारच्या नव्या लागवडीत जाते. वरुड-मोर्शीत भूजल इतके उपसले गेले आहे की केवळ बागेतली कार्यक्षमता वाढवून पातळी वर येणार नाही. २००९ चा भूजल कायदा कागदावर आहे. गावात तो उतरवायचा तर गावाला दिसेल असे मोजमाप लागते. म्हणून ज्या गटाला मोजणीची सेवा द्यायची, त्याने विहिरींवर पाणीमापक बसवणे आणि नव्या बोअरवर आपसात मर्यादा मान्य करणे, ही अट घालावी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर शुक्रवारी दोन रकाने लिहिले जावेत. एकात संदर्भ-बागांच्या झाडांचा ताण, बारमध्ये. दुसऱ्यात गावातल्या ठरलेल्या पाच विहिरींची पाण्यापर्यंतची खोली, मीटरमध्ये, पंप सुरू करण्यापूर्वी सकाळी, काठावरच्या एकाच खुणेपासून टेप सोडून मोजलेली.